नुकसान कोणाच्या वहीत

परदेशातला माल तिथल्या सरकारच्या पैशावर स्वस्त होऊन आपल्याकडे येतो आणि त्यामुळे इथला उद्योग मोडतो, हे सरकारदरबारी सिद्ध करून देणं हे माझं कित्येक वर्षांचं काम. मी कॉस्ट अकाउंटंट. सुनावणीत वकील बोलतात, अर्जावर सही कंपनीच्या संचालकाची असते. दोघांच्या हातातल्या कागदांवरचे आकडे माझ्यासारखे लोक कारखान्यात बसून काढतात. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं सिंदेवाही. धानाचं, राईस मिलचं, आणि अलीकडे वाघाच्या बातम्यांचं गाव. इथं कुणाला माझं काम सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, 'म्हणजे कस्टममध्ये आहेस का?' कस्टममध्ये नव्हते. पण कस्टमवाल्यांनी कुठल्या मालावर जादा किती वसूल करायचं, हे ज्या चौकशीतून ठरतं तिथं मी होते.

कायदा १९७५ चा आहे, कस्टम्स टॅरिफ ॲक्ट. त्यातलं कलम ९ सबसिडीच्या आयातीसाठी आणि ९अ डंपिंगसाठी. चौकशीचे नियम १९९५ चे, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचे करार लागू झाले त्याच वर्षीचे. निर्यातदार कंपनी स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावात माल इकडे ढकलते ते डंपिंग. सबसिडीत तिच्या मागे सरकार उभं असतं. कर्ज स्वस्त, जमीन जवळपास फुकट, वीज कमी दरात, आणि निर्यात केली म्हणून वरून बक्षिसी. चौकशीचं कार्यालय दिल्लीत संसद मार्गावर, जीवनतारा इमारतीत. त्याला आता डीजीटीआर म्हणतात. मे २०१८ च्या आधी ते डीजीएडी होतं. हे कार्यालय शिफारस करतं. शुल्क लावायचं की नाही, हा शेवटचा शब्द अर्थ मंत्रालयाचा. डंपिंगच्या चौकश्या आपल्याकडे शेकड्यांनी झाल्या, पण सबसिडीविरुद्धचं पहिलं शुल्क लागायला जानेवारी २०१६ उजाडला. पवनचक्कीत वापरायच्या चिनी कास्टिंगवर ते लागलं, १३.४४ टक्के. कंपनीला जाब विचारणं वेगळं आणि दुसऱ्या देशाच्या सरकारला 'तुम्ही तुमच्या कारखानदारांना काय काय दिलंत' असं विचारणं वेगळं. सबसिडीच्या प्रकरणात तर सुरुवातीलाच, चौकशी सुरू करण्याआधी, त्या सरकारला चर्चेला बोलावावं लागतं.

आमच्याकडे येणारे बहुतेक उद्योजक एकच तक्रार घेऊन यायचे: 'चीन सरकार निर्यातीवर व्हॅट परत देतं, ही सबसिडी नाही तर काय?' त्यांना समजावण्यात पहिली बैठक जायची. भरलेला कर निर्यातीवर परत देणं ही करारानुसार सबसिडी नव्हे. भरल्यापेक्षा जास्त परत दिला तर तो जादा भाग सबसिडी. शिवाय सरकारने पैसा दिला एवढंही पुरत नाही. त्यातून कंपनीला बाजारात मिळाला नसता असा फायदा झाला पाहिजे, आणि तो फायदा सगळ्यांना नाही तर ठरावीक उद्योगांना किंवा ठरावीक भागाला दिलेला असला पाहिजे. रस्ता सगळ्यांसाठी बांधला तर चालतो. कारखान्याच्या फाटकापर्यंत, त्याच्याच साठी बांधला तर प्रश्न येतो.

मग पुरावा कुठून आणायचा? समोरच्या सरकारला प्रश्नावली जाते. उत्तर येतं, कधी अर्धवट येतं, कधी येतच नाही, आणि मग हाती असलेल्या माहितीवर निर्णय करावा लागतो. ती हाती असलेली माहिती आधी कुणीतरी शोधून ठेवायची असते. एका केसमध्ये आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून एका परदेशी कंपनीचे वार्षिक अहवाल चाळत होतो, मशीनने केलेल्या मोडक्यातोडक्या भाषांतरात. आणि तिथं, शेअर बाजाराला सादर केलेल्या त्यांच्याच हिशेबात, 'सरकारी अनुदान' नावाचा तक्ता होता. नवीन यंत्रासाठी इतके, वीज बचतीसाठी इतके, निर्यात विम्यासाठी इतके. जे आम्ही बाहेरून शोधत होतो ते त्यांनी भागधारकांना प्रामाणिकपणे सांगून ठेवलेलं होतं. त्यानंतर मी प्रत्येक केसची सुरुवात समोरच्याच्या वहीपासून केली.

पण सबसिडी सापडली म्हणजे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे 'इंज्युरी', देशी उद्योगाचं नुकसान. चौकशीचा काळ साधारण बारा महिन्यांचा, आणि त्याच्या मागची तीन वर्षं. या सगळ्या काळातलं उत्पादन, क्षमतेचा वापर, विक्री, साठा, नफा, रोख शिल्लक, गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा, कामगार, पगार, उत्पादकता. आयातीचे आकडे सरकारी नोंदींतून येतात, बाकी सगळं कारखान्याच्या वह्यांतून. त्यातून एक किंमत काढतात, ज्या किमतीला माल विकला तर देशी उत्पादकाचं नुकसान होणार नाही अशी. ती काढताना कारखान्याने दाखवलेला खर्च जसाच्या तसा धरत नाहीत. कच्चा माल, वीज, क्षमता यांचा गेल्या काही वर्षांतला सर्वांत चांगला वापर धरतात आणि भांडवलावर २२ टक्के परतावा मोजतात. हे मला पहिल्यांदा शिकवलं गेलं तेव्हा जड गेलं नाही, कारण वडील राईस मिलमध्ये दिवाणजी होते. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ द्यायचाच असतो. मिल जुनी आहे, रबर झिजलं आहे, कणी जास्त निघाली, हे मिलवाल्याचं दुखणं. तसंच हे. स्वतःच्या गलथानपणाचं बिल परदेशी मालावर फाडता येत नाही, आणि हा नियम मला आजही योग्य वाटतो.

या चौकश्यांचे अहवाल कुणीही वाचू शकतं, पण त्यात खरे आकडे नसतात. धंद्याची गुपितं उघडी पडू नयेत म्हणून पहिल्या वर्षाला १०० धरतात आणि पुढची वर्षं त्या प्रमाणात मांडतात. जिथं तेवढंही सांगायचं नसतं तिथं तीन चांदण्या छापतात. एका कारखान्यात मी कामगारांची ओळ भरत होते. त्यासाठी टाइम ऑफिसमधली जुनी मस्टर काढली. मस्टरमध्ये नावं होती, आणि त्या वर्षाच्या पानांवर एकेका नावावर लाल रेघ मारून बाजूला तारीख घातलेली. टाइम ऑफिसचा क्लार्क माझ्या शेजारी बसून पान उलटताना प्रत्येक रेघेवर थांबायचा. हा वेल्डर होता. ह्याची मुलगी बारावीला होती. हा परत गावी गेला. मी फक्त बेरीज मागितली होती. आमच्या तक्त्यात अखेर चार आकडे गेले, त्यांतला पहिला १०० आणि शेवटचा साठच्या आसपास. ते चार आकडे बरोबर होते, आणि चौकशीला तेवढेच लागतात. तरीही तो क्लार्क जे सांगत होता ते दिल्लीत पोचलं पाहिजे असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. म्हणून मी कामगारांच्या ओळीखाली नेहमी दोन-चार वाक्यं जास्त लिहायचे. वरिष्ठ ती बहुधा खोडायचे. कधी राहायची.

सगळ्यांत कठीण भाग म्हणजे कारण. तोटा आहे, आयात वाढली आहे, पण आयातीमुळेच तोटा आहे का? नियम स्पष्ट सांगतो की इतर कारणांमुळे झालेलं नुकसान आयातीच्या माथी मारायचं नाही. एका कंपनीचा तोटा ज्या तिमाहीत सर्वांत मोठा होता, नेमकं त्याच तिमाहीत त्यांचा बॉयलर बंद पडलेला निघाला. दुसऱ्या एका मालकाची कहाणी इतकी करुण होती की पहिल्या बैठकीत सगळे गप्प झाले. मग आयातीच्या नोंदी तपासताना दिसलं की तोच माल त्यांचीच दुसरी फर्म बाहेरून आणत होती. जो स्वतः आयात करतो त्याला 'देशी उद्योगा'च्या व्याख्येतून वगळता येतं. ती केस आम्ही घेतली नाही.

आणि सुनावणी. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला अर्जदार, दुसऱ्या बाजूला आयातदार, परदेशी निर्यातदारांचे वकील, आणि तोच माल कच्चा माल म्हणून वापरणारे छोटे कारखानदार. वकिलांचं बोलणं मला फारसं आठवत नाही. एक छोटा कारखानदार आठवतो. वकील परवडत नव्हता म्हणून स्वतः आला होता, हातात दोन पानांचं पत्र. 'ह्यांना वाचवायला शुल्क लावाल तर माझं दुकान बंद होईल, माझ्याकडेही माणसं आहेत,' एवढंच म्हणाला आणि बसला. त्याचे आकडे खरे होते. आमचेही खरे होते. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर सप्टेंबर २०१७ मध्ये चीनविरुद्ध १८.९५ टक्के शुल्क लागलं, फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ते थांबवलं गेलं आणि पुढच्या वर्षी काढूनच टाकलं. धातूंचे भाव चढले होते आणि भांडी, पाइप, सुटे भाग करणारे लघुउद्योग ओरडत होते. उत्पादकांना तो अन्याय वाटला. मी उत्पादकांच्या बाजूने काम करणारी, तरी मला त्या लघुउद्योजकांचं म्हणणं खोडता आलं नाही. देशी उद्योग म्हणजे एक माणूस नव्हे. त्यात विकणारा असतो तसा घेणाराही असतो.

मोठ्या कारखान्यांची ही कामं करत असताना सुट्टीला गावी आले की एक वेगळंच चित्र समोर यायचं. गडचिरोली जिल्ह्यात २०१२ च्या सुमारास वनविभागाच्या पुढाकाराने अगरबत्तीची केंद्रं सुरू झाली होती, आणि आमच्या बाजूलाही बचत गटांनी कर्ज काढून मशीन घेतल्या होत्या. समाजमंदिराच्या नाहीतर जुन्या गोदामाच्या खोलीत चार-सहा मशीन, सगळीकडे काळा धुरळा. कोळशाची पावडर, भुसा आणि जिगट नावाची चिकट भुकटी भिजवून मसाला मळायचा, तो मशीनमध्ये भरायचा, बाजूने काड्यांची जुडी लावायची, की तोंडातून मसाला चढलेली काडी सटासट बाहेर पडते. ती वाळवायची, निवडायची, किलोवर द्यायची. ही झाली कच्ची अगरबत्ती. तिला वास लावण्याचं आणि पुड्यात भरण्याचं काम दुसरीकडे, मोठ्या नावाच्या कंपन्यांकडे. बायकांना मजुरी किलोमागे.

या मशीनला गोल, एकसारख्या जाडीची काडी लागते. हाताने फोडलेली चौकोनी काडी तिच्यात अडकते, मशीन थांबतं, मसाला वाळतो. म्हणून चारी बाजूंना बांबूचं जंगल असलेल्या गावात व्हिएतनामहून आलेल्या काड्यांचे गठ्ठे मी स्वतः पाहिले आहेत. मशीनही बहुधा तिकडचीच. आणि पुढे पुढे तर कच्ची अगरबत्तीच बाहेरून येऊ लागली, म्हणजे या बायकांचं कामच जहाजातून उतरलं. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०२० मध्ये जे आकडे दिले ते मी तेव्हा कापून ठेवले होते. काड्यांची आयात २००९ मध्ये ३१ कोटी रुपयांची होती, २०१९ मध्ये ५४६ कोटींवर गेली. मधे २०११ साली आयात शुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं गेलं होतं. देशात तेव्हा रोज १४९० टन अगरबत्ती लागत होती आणि देशात बनत होती फक्त ७६० टन, हाही त्यांचाच आकडा.

तालुक्यातल्या एका गावात खोलीला कुलूप लागलं तेव्हा मी गावी होते. गटाच्या अध्यक्षाबाईंनी मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, 'ताई, तुमी दिल्लीत अशाच केसी लढता म्हनतात. मंग आमची केस काऊन नाही होत?'

मला त्यांना उत्तर द्यायचं होतं. नुसतं समजूत घालणारं नको होतं, खरं उत्तर हवं होतं. म्हणून मी आमचा अर्जाचा नमुना काढला आणि त्यांच्या वहीवरून तो भरायला बसले. दोनशे पानी वही, वर देवीचं चित्र, आत प्रत्येक पानावर तीन उभ्या रेघा: नाव, किलो, रुपये. बचतीची वही वेगळी आणि अगदी चोख. बँकेचा हप्ता कधी चुकला नव्हता. पण मशीन किती तास चाललं, किती तास लाइट नव्हती, काडी किती बाद झाली, मसाल्याला किलोमागे काय पडलं, याची नोंद कुठेच नव्हती. ती ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं. व्यापाऱ्याने भाव कमी केला तो फोनवर. 'बाहेरचा माल स्वस्त पडते, इतक्यात देत असाल तर द्या,' इतकाच व्यवहार, बिल नाही. परदेशी मालाच्या भावाने आमचा भाव कापला गेला, हे आमच्या भाषेत 'प्राइस अंडरकटिंग'. ती दाखवायला दोन भाव कागदावर लागतात. इथं एक भाव व्यापाऱ्याच्या तोंडात होता आणि दुसरा मुंबईच्या बंदरात.

बरं, एका गटाचं भागलं असतं तरी अर्ज होत नव्हता. अर्जदारांचं मिळून उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या निदान २५ टक्के असावं लागतं, आणि मत देणाऱ्या उत्पादकांत पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त असावं लागतं. अगरबत्ती वळणारे हात गयेत आहेत, म्हैसूर-बंगळुरूत आहेत, अहमदाबादेत आहेत, त्रिपुरात काड्या करणारे आहेत. घराघरांत विखुरलेले. त्यांचं चौथाई उत्पादन एका कागदावर कोण आणणार? ज्यांच्याकडे संगणकावर चोख हिशेब आहेत त्या मोठ्या कंपन्यांपैकी अनेकांना बाहेरची स्वस्त कच्ची अगरबत्ती सोयीची होती. म्हणजे ज्यांच्याकडे वह्या होत्या त्यांचं नुकसान नव्हतं आणि ज्यांचं नुकसान होतं त्यांच्याकडे वह्या नव्हत्या. विखुरलेल्या उद्योगांसाठी डीजीटीआरने नंतर सोपी पद्धत काढली, लघुउद्योगांसाठी मदतकक्ष उघडला. चांगलं केलं. पण त्या मदतकक्षापर्यंत पोचायलाही आधी कुणीतरी संघटना म्हणून उभं राहावं लागतं.

हे अगरबत्तीपुरतं नाही. तुतीच्या चिनी कच्च्या रेशमावर २००३ साली अँटी-डंपिंग शुल्क लागलं. तुतीच्या रेशमामागे केंद्रीय रेशीम मंडळाची आकडेवारी होती, कर्नाटकासारखं राज्य होतं. आमच्याकडचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, वेगळा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढीवर समाजाची माणसं तो पिकवतात, पाखरं आणि मुंग्या हाकलत दिवसचे दिवस जंगलात राहतात. तुतीवरच्या शुल्काने कोशाला काही संरक्षण मिळालं नाही, कारण चौकशी ज्या मालाची झाली त्या मालापुरतंच शुल्क. बाहेरचं टसर सूत विदर्भातल्या मागांवर येत राहिलं. आणि इथंही पुन्हा तेच: विणकराला ते सूत हवं असतं. एकसारखं, न तुटणारं, ताण्याला चालणारं. सुनावणीतला तो छोटा कारखानदार मला नागभीडच्या मागावरही भेटला असता.

अगरबत्तीच्या बाबतीत सरकारने शेवटी चौकशीची वाट पाहिली नाही. ३१ ऑगस्ट २०१९ ला अगरबत्तीची आयात 'मुक्त' यादीतून 'प्रतिबंधित' यादीत गेली, म्हणजे परवाना लागू झाला. जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरचं शुल्क १० वरून २५ टक्के झालं. काही खोल्यांची कुलपं उघडली, मी उघडताना पाहिली. मला त्या निर्णयांचा आनंद झाला आणि आजही ते योग्यच होते असं मी म्हणते. पण एक खंत आहे. चौकशी झाली असती तर नुकसान कशामुळे किती झालं, याचा हिशेब लागला असता. तो लागला नाही.

तो हिशेब आपल्यालाही टोचणारा निघाला असता. आपल्याकडचा बांबू मुख्यतः मानवेल. भरीव, आखूड पेरांचा. अगरबत्तीच्या काडीला लांब पेर लागतं, त्रिपुरातल्या जातींना ते असतं. काडी काढताना बांबूचा जेमतेम १६ टक्के भाग वापरला जातो, ८४ टक्के वाया जातो, असं खादी आयोगानेच २०२१ मध्ये म्हटलं. त्यांच्याच हिशेबाने तेव्हा आपल्याकडे बांबू टनाला चार-पाच हजारांना मिळत होता, चीनमध्ये आठ-दहा हजारांना. म्हणजे बांबू आपला स्वस्त. पण काडीचा खर्च आपल्याकडे टनाला पंचवीस ते चाळीस हजार आणि तिकडे बारा ते पंधरा हजार, कारण ते उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून विकायचे आणि काडीवर पडणारा खर्च वाटून जायचा. आपल्याकडे बांबूच्या कोळशाच्या निर्यातीवरच बंदी होती. ती मे २०२२ मध्ये उठली. हा फरक परदेशी सबसिडीचा नाही. तो आपण आपल्याच नियमांनी करून ठेवलेला होता. जंगलातल्या बांबूचीही तीच गत. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढ्याच्या गावकऱ्यांना स्वतःच्या वनहक्काच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक पास मिळायला २०११ उजाडला. खाजगी जमिनीवरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही तो २०१७ च्या शेवटी. इतकी वर्षं आपल्या माणसाला आपलाच बांबू कायद्याने महाग होता. त्या वर्षांत बाहेरची काडी आली तर सगळा दोष जहाजाला देता येणार नाही. पण सगळा दोष इथल्यांनाही देता येणार नाही, आणि दोन्ही वाटे वेगळे करून दाखवणं हेच तर या चौकश्यांचं काम.

नियमांत एक तरतूद आहे, तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. अर्ज न येताही, पुरेशी माहिती असेल तर, अधिकारी स्वतःहून चौकशी सुरू करू शकतात. ती क्वचितच वापरली जाते. माझं स्पष्ट म्हणणं आहे की ती नेमकी अशाच उद्योगांसाठी वापरायला हवी. अगरबत्ती, कोसा, बांबूकाम करणाऱ्या बुरडांचा माल. सरकारकडे कॉस्ट अधिकारी आहेत. मोठ्या कारखान्यात ते पडताळणीला येतात, विजेचं बिल उत्पादनाच्या रजिस्टरशी ताडून बघतात, गोदामात जाऊन पोती मोजतात. त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे, माणसं कसून काम करतात. त्यांतल्या दोघांनी महिनाभर गडचिरोली-चंद्रपुरात फिरून गटांच्या खोल्यांतून खर्च मांडून दिला तर अर्जाचा पाया तयार होईल. जो उद्योग वकील लावू शकत नाही त्याचा हिशेब सरकारने मांडून द्यावा, यात मला काही अवाजवी वाटत नाही.

तोवर जे हातात आहे ते करायचं म्हणून गावी परतल्यावर मी गटांसाठी वहीचं एक पान आखून दिलं. जुन्या तीन रेघांच्या शेजारी आणखी चार: मशीनचे तास, लाइट गेली ते तास, बाद काडी, व्यापाऱ्याने सांगितलेला भाव. भाव फोनवर आला तरी तारीख घालून तिथेच लिहायचा, आणि शक्यतो व्यापाऱ्याकडून मोबाइलवर लिहून मागायचा. सुरुवातीला बायका कुरकुरल्या. मोहफुलाच्या नि तेंदूपानाच्या दिवसांत खोली ओस पडते, धानाच्या रोवणीत तर कुणी फिरकतही नाही, मग त्या दिवसांचं काय लिहायचं, असा त्यांचा सवाल. तेही लिहा, म्हटलं. आयातीशिवायची जी कारणं आहेत ती आपणच आधी मांडलेली बरी, नाहीतर समोरचा वकील मांडतो.

काही महिन्यांनी पानं एकत्र लावली तेव्हा एका गटाच्या वहीत दिसलं की भाव पडल्यामुळे जितकं गेलं त्याहून जास्त लाइट नसल्यामुळे गेलं होतं. अध्यक्षाबाईंनी ते पान माझ्या हातून घेतलं, झेरॉक्स काढली आणि दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयात नेऊन ठेवली. दुसऱ्या गटात चित्र उलटं होतं. तिथं लाइट ठीक, काडी ठीक, आणि भाव मात्र महिन्यागणिक खाली. अर्जात आम्ही दोन्ही गट घालणार आहोत, आहेत तसे. चौथाई उत्पादन अजून फार दूर आहे. त्रिपुरातल्या आणि गयेतल्या संघटनांना पत्रं गेली आहेत, तिकडून आमच्या वहीच्या पानाचा नमुना मागितला गेला आहे, आणि त्याचं हिंदीत आणि बंगालीत रूप करून पाठवायचं काम सध्या टेबलावर आहे.